दोनशे तेरावी गाडी

माझ्या सासऱ्यांना गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. लोक आमच्या दारात येतात, ‘गाड्यांचे जाणकार इथेच राहतात ना?’ म्हणून अदबीने विचारतात, आणि पाच मिनिटांत बाबाच त्यांना विचारतात, ‘क्लच कुठल्या पायाला असतो हो तुमचा?’ समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

तरी एका गाडीबद्दल बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. इटलीची, चार दारांची, नाकाने लांब आणि पाठीला आखूड अशी ती मोटार. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लोक पहिली किंमत विचारतात आणि मग बाबांचं डोकं फिरतं. पन्नास वर्षांपूर्वी ती सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून, बोटीने यायची आणि आमच्या या गावाबाहेरच्या लांबलचक शेडमध्ये जोडली जायची. पाच वर्षं हे चाललं, मग शेड बंद पडली. त्या पाच वर्षांत प्रत्येक गाडीचं आतलं छत बाबांनी शिवलं. गाडीत आडवी फळी टाकायची, तिच्यावर उताणं पडायचं आणि नाकापासून चार बोटांवरचं कापड ताणून हाताने टाके घालायचे. सगळे त्यांना ‘छतवाले’ म्हणायचे. अजूनही म्हणतात. त्यांचं खरं नाव मला लग्नाच्या कागदांवर पहिल्यांदा कळलं.

मागच्या काचेच्या वर, रबराच्या पट्टीखाली कापडाची जी दुमड जाते, तिथे बाबा दोऱ्याने गाडीचा नंबर घालायचे. एक, दोन, तीन असा चढता. काम करायची त्यांची रीत ठरलेली: नंबर आधी, शिवण मग, आणि छत पुरं झालं की संध्याकाळी वहीत एक ओळ. तारीख, नंबर, कापडाचा रंग.

‘साहेबाने सांगितलं होतं का नंबर घालायला?’ मी नवी नवरी असताना विचारलं होतं. मला असल्या चौकशा फार.

‘छे.’

‘मग?’

‘कंपनीच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला दोन स्क्रूंवर असतो, सूनबाई. कुणीही काढतो, कुणीही लावतो. म्हटलं, आपलं आपल्याला तरी कळावं.’

झालंही तसंच. शेडची कागदपत्रं रद्दीत गेली, बिल्ले इकडचे तिकडे झाले, आणि जेव्हा गाड्या विरळ व्हायला लागल्या तेव्हा उरलेल्या मालकांना प्रश्न पडला, खरी कुठली आणि जोडाजोडीची कुठली? तेव्हा कुणाला तरी दोऱ्याच्या नंबरांची आठवण झाली. तिथून बाबा न्यायाधीश झाले. वर्षातून एकदा, रविवारी, शाळेच्या मोकळ्या मैदानात मालकांचा मेळावा भरतो. बाबा रबर उचलून नंबर बघणार, वहीशी ताडून बघणार, मग मागच्या सीटवर बसणार. गाडी स्वतःच्या इंजिनावर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली की वहीत तिच्यापुढे ‘जिवंत’ असं लिहिणार. नाही आली तर त्या वर्षी तिच्या नावापुढे रेघ. आणि यादीत नाव असेल त्यालाच सामायिक कपाटातले सुटे भाग मिळणार. हे कपाट दातांच्या डॉक्टरांकडे, दवाखान्यामागच्या खोलीत. या डॉक्टरांकडेही तशी एक गाडी आहे, एकशे चाळीस नंबरची. माणूस वाईट नाही, पण गाडीचा विषय निघाला की पेशंटचं तोंड उघडंच राहतं आणि हे बोलत सुटतात.

मी या घरात आले तेव्हा एक्केचाळीस जिवंत होत्या. मुलगी झाली तेव्हा सव्वीस. आज सहा. एकेक कशी गेली त्याच्या कहाण्या बाबांना पाठ आहेत. बहुतेक तळाच्या पत्र्याकडून गंजून गेल्या. एक बंद गॅरेजात टाकी फुटून महिनाभर पाण्यात उभी राहिली. एकीच्या मालकाच्या चार मुलांनी वाटण्या केल्या, आणि माझ्यावर विश्वास ठेवा, एकेकाने एकेक दार नेलं. एकीचं पुढचं अर्धं अंग एका हॉटेलच्या भिंतीत बसवलंय, दिवे लागतात म्हणे.

पण खरं कोडं वेगळंच होतं. बाबांच्या वहीत नंबर दोनशे बारापर्यंत. शेडच्या फाटकावर जो पहारेकरी होता, त्याचीही एक वही होती, बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीमागे एक रेघ. त्या वहीत रेघा दोनशे तेरा. पहारेकरी देवाघरी गेला, वही डॉक्टरांच्या हाती लागली, आणि तेव्हापासून या लोकांना दोनशे तेराव्या गाडीचं वेड लागलं. कुणी म्हणे, ती मोठ्या साहेबासाठी गुपचूप बांधली. कुणी म्हणे, तिला नंबरच नव्हता, कापडाऐवजी कातड्याचं छत होतं. डॉक्टर तर एकदा कुणाच्या सांगण्यावरून दोन दिवसांचा प्रवास करून एका गोठ्यात जाऊन आले. तिथे ट्रॅक्टर निघाला.

बाबा एवढंच म्हणायचे, ‘पहारेकऱ्याची डुलकी. एक रेघ जास्त ओढली असेल.’ स्वतःच्या वहीत चूक असेल हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

आता अकरा वर्षांपूर्वीच्या मेळाव्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. त्या वर्षी मैदानात एक अनोळखी गाडी आली. फिकट निळी, टपावर ‘ड्रायव्हिंग स्कूल’ची पाटी काढल्याचे चार खळगे. चालवत होते एक वयस्क मास्तर. ताठ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आरशात बघून मगच दार उघडणारे. शेजारच्या गावातली निम्मी जनता त्यांच्याकडे गाडी शिकली होती, पण आमच्या मेळाव्याला ते पहिल्यांदाच आले होते. शेजारी त्यांची मुलगी. तिला मी ओळखत होते, मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते तिथेच ती वॉर्डची मुख्य नर्स. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो.

‘नवी कोरी घेतली होती,’ मास्तर म्हणाले. ‘पहिला मालक मीच. ब्रेकचे पंप जायला आलेत, म्हणून आलो तुमच्याकडे.’

बाबांनी रबर उचललं. नंबर अठ्ठ्याऐंशी. बाबांचा चेहराच बदलला. कारण अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी आदल्याच वर्षी भंगारात कापताना बाबांनी स्वतः पाहिली होती, तिचा छताचा तुकडा आमच्या कपाटात होता. करडा, वहीत लिहिल्याप्रमाणे. मास्तरांचं छत बदामी. बाबांनी शिवणीवरून बोट फिरवलं. टाके उलट्या बाजूला कललेले.

‘नंबर माझ्यासारखा काढलाय, पण शिवण माझी नाही,’ बाबा सगळ्यांदेखत म्हणाले. ‘ही नक्कल आहे. तुम्हाला कुणीतरी फसवलंय, मास्तर, नाहीतर तुम्ही आम्हाला फसवताय.’

हे दुसरं वाक्य बोलायची काही एक गरज नव्हती. मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, आणि गप्प बसले होते. डॉक्टर हसले, म्हणाले, ‘इतकी दुर्मीळ गाडी कुणी शिकाऊ लोकांच्या हातात देईल का?’ मास्तरांनी गाडीत बसून दार ओढून घेतलं. आरशात बघितलं, गाडी फिरवली आणि गेले. पंप मिळाले नाहीत. वर्षभरात गाडी बंद पडली, आणखी वर्षभराने मास्तर गेले. सिस्टर माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलायची, आणि तिचं काय चुकलं?

गेल्या महिन्यात एका सोमवारी ती आईचं रक्त तपासायला लॅबमध्ये आली. ती आता निवृत्त झालीये. जाता जाता म्हणाली, ‘तुमच्या सासऱ्यांना निरोप द्या. आमची खोटी गाडी पुढच्या सोमवारी भंगारवाला नेतोय. मेळावा रविवारी आहे ना? आनंदाची बातमी द्या सगळ्यांना.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं.’

आणि मग मंगळवारी माझ्या हातून ती चूक झाली.

सकाळची घाई. समोर बाटल्यांची रांग, मी नंबरच्या चिठ्ठ्या लावत होते. चिठ्ठी लावायची आणि मग यादीत खूण करायची. एका बाटलीला चिठ्ठी लावली आणि मुलीच्या शाळेतून फोन आला, पडलीये, गुडघा फुटलाय. मी बोलत बोलत बाहेर गेले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मदत म्हणून माझी बाटली पुढे सरकवून दिली. मी परत आले, यादीत बघितलं, खूण नाही. म्हणजे ही अजून व्हायची आहे. लावली त्याच नंबरची चिठ्ठी पुढच्या बाटलीला. तासाभराने मशीनपाशी ओरडा झाला, एकाच नंबरच्या दोन बाटल्या! पहिल्यांदा सगळ्यांनी एकीला खोटी ठरवलं, टाकून द्या म्हणाले. मी टाकू दिली नाही. दोन्ही खऱ्या होत्या. चूक नंबर लावणारीची होती.

मोजून बघितल्या. यादीतल्या खुणांपेक्षा बाटल्या एकने जास्त.

मी तिथे स्टुलावर बसूनच राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, ‘अहो ताई, झालं गेलं, कुणी रागावलं का?’ तिला काय सांगणार?

बुधवारी संध्याकाळी मी बाबांची जुनी वही काढली. खोकी आली की रोज एक ओळ, क्वचित दोन दिवसांना एक, मग पुढच्या बोटीपर्यंत कोरं. सत्त्याऐंशी, मंगळवार. अठ्ठ्याऐंशी, शनिवार, करडं. मधले तीन दिवस कोरे. तारखा दोनदा वाचल्या. त्यातला बुधवार म्हणजे माझ्या नवऱ्याचा वाढदिवस. त्याच साली.

‘बाबा, हे तीन दिवस कोरे का?’

‘तुझा नवरा जन्माला आला ना. दुपारी निरोप आला, मी तसाच पळालो. थेट शनिवारी गेलो कामावर.’ बाबा हसत होते. त्यांना ही आठवण फार आवडते.

‘पळालात तेव्हा हातात काय होतं?’

‘छतच की. दुसरं काय असणार?’

‘कितवं?’

बाबा सांगायला गेले आणि थांबले.

‘नंबर घालून झाला होता का?’ मी विचारलं.

‘तुला काय करायचंय?’

‘नंबर आधी, शिवण मग, वहीत नोंद शेवटी. तुमचंच ना हे? तुम्ही अठ्ठ्याऐंशी घातलात आणि पळालात. परत आलात, वही बघितली, शेवटची नोंद सत्त्याऐंशी. मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी घातलात. आधीच्या छताचं काय झालं, विचारलंत कुणाला?’

नवरा जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत होता. तो म्हणाला, ‘म्हणजे सगळा दोष माझा का?’ त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

बाबांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि खोलीत निघून गेले. गुरुवारी माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी अर्धं ताट टाकून उठले. नवरा म्हणाला, ‘सोड ना. बहात्तर वर्षांचे आहेत. गाडी तशीही मेलेली, मास्तरही गेले. आता उकरून कुणाचं भलं होणार आहे?’

‘त्या माणसाला चारचौघांत खोटं म्हटलंय,’ मी म्हणाले. ‘आणि सोमवारी पुरावाही कापला जाणार. मग मी बरोबर होते की बाबा, हे कुणालाच कळणार नाही. तुला चालेल?’ माझा आवाज चढला होता, आणि मला तो चढवायचाच होता.

शनिवारी सकाळी बाबा कपडे करून बाहेरच्या खोलीत बसलेले. म्हणाले, ‘सूनबाई, मला सिस्टरच्या घरी ने. बघू तर दे. नसेल तर तुझं तोंड बंद होईल.’

‘आणि असेल तर?’

‘आधी बघू तर दे, म्हटलं ना!’

सिस्टरने दार उघडलं आणि बाबांना बघून ते पुन्हा लावायच्या बेतात होती. मी मध्ये पाय घातला, अगदी निर्लज्जासारखा. आतल्या खोलीत तिची आई बसली होती, ऐंशीच्या घरातली, कानाने कमी. रेडिओ मोठ्याने लावलेला. आम्ही गाडी बघायला आलोय हे सिस्टरने ओरडून सांगितल्यावर आजी म्हणाल्या, ‘बघा, बघा. आमच्या ह्यांना कुणीतरी टोपी घातली आणि ह्यांनी ती जन्मभर डोक्यावर मिरवली! मी किती वेळा म्हटलं, अहो, तुम्ही फसलात, कबूल करा. कबूल म्हणून केलं नाही शेवटपर्यंत.’

सिस्टर आम्हाला मागच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली.

गाडी ताडपत्रीखाली होती. चारही चाकांत हवा नाही, तळाचा पत्रा ठिकठिकाणी गळून पडलेला. मागच्या सीटवर बसायला गेलं तर पाय फरशीला टेकले असते. पण काचा बंद होत्या, म्हणून आतलं कापड टिकलं होतं. बदामी. बाबांना हल्ली बारीक दिसत नाही. त्यांनी गुडघे सीटवर टेकले, रबर ओढलं आणि डोळे मिटून बोटाने नंबर वाचला. बराच वेळ. मग बोट शिवणीवर गेलं, पुढे गेलं, मागे आलं.

‘नंबर माझा आहे,’ ते म्हणाले. ‘तेव्हाही वाटलं होतं. म्हटलं, नक्कल करणारा हुशार आहे.’

‘आणि शिवण?’

बाबांनी माझा हात धरून टाक्यांवर ठेवला. ‘उजव्या हाताचा टाका असा पडतो. हा उलटा आहे. डाव्या हाताचा.’ आणि एकदम त्यांचा आवाज फाटला. ‘डावऱ्या! अगं, डावऱ्याने शिवलंय हे!’

डावऱ्या म्हणजे शेडमधला त्यांचा जोडीदार. तो सीटा शिवायचा, मशीनवर, म्हणून त्याचा हाताचा टाका बाबांनी कधी पाहिला नव्हता. बाबा पळाल्यावर, साहेबाला गैरहजेरी कळू नये म्हणून, त्याने ते छत गुपचूप पुरं केलं असणार. बाबांना मागाहून सांगितलंही असेल. पण पहिल्यांदा बाप झालेल्या माणसाच्या कानात काय शिरतं? पुढे तो दूर देशी गेला आणि तिकडेच वारला.

म्हणजे दोनशे तेरावी गाडी ही. साहेबाची नाही, कातड्याची नाही, गोठ्यातली तर नाहीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जिच्यासाठी ही मंडळी देशभर भटकत होती, तिला यांनीच मैदानातून हाकलून दिलं होतं.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. कोडं सुटल्याचा आनंद. मी सिस्टरकडे वळून घडाघडा सगळं सांगायला लागले, बाटल्या, तारखा, डावा हात. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा काही उजळत नव्हता.

‘शेवटच्या वर्षी अप्पा मला विचारायचे,’ ती म्हणाली. ‘मला आठवतंय ते बरोबर आहे ना गं? शोरूममधून आपणच आणली ना? मी अकरा वर्षांची होते. त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून आले होते, सीटवरचा कागद अजून काढलेला नव्हता. तरी मला विचारायचे. त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना झाला होता.’

बाबा तसेच गुडघ्यांवर, आमच्याकडे पाठ करून. मग उलटे सरकत बाहेर आले आणि सिस्टरसमोर उभे राहिले. ‘माझी चूक झाली, बाई. नंबर चुकला ती चूक नव्हे, ती होते. मास्तरांना बोललो ती.’

‘हे मला नको सांगू. सांगू नका,’ ती रागात अडखळली. ‘चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या. आणि आईला मी तिथे घेऊन येते. तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. माझं ती ऐकत नाही.’

‘गाडी?’ मी विचारलं.

‘ट्रकवर घालून आणेन. तिचं पुढे काय करायचं ते करा. तिच्यात आता राहिलंय काय? ज्याला जे लागेल ते काढून घ्या. मला फक्त ती खरी म्हणून गेलेली पाहिजे.’

रविवारी सकाळी बाबांनी वही उघडली, चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि अठ्ठ्याऐंशीच्या खाली, अरुंद जागेत, दुसरी ओळ लिहिली. अठ्ठ्याऐंशी, बुधवार, बदामी. शिवण डावऱ्याची. मालक मास्तर. ‘मालक मास्तर’ हे शब्द त्यांनी इतक्या वेळा गिरवले की कागद फाटायचाच बाकी होता. मला म्हणाले, ‘मी बोलताना अडखळलो तर मध्ये बोलू नकोस.’ हे मला सांगणं म्हणजे काय अवघड काम आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी हो म्हणाले.

मैदानात सहा गाड्या. त्यांच्या ओळीच्या टोकाला ट्रकवरून उतरवलेली ती निळी, खाली टेकलेली. सिस्टरने आईला घडीच्या खुर्चीत बसवलं होतं, पायांवर शाल. डॉक्टर धावत आले, ‘ही परत इथे कशी?’ बाबांनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि उभे राहिले. मी त्यांना चारचौघांत बोलताना पुष्कळदा ऐकलंय, नेहमी कमरेवर हात असतात. त्या दिवशी हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.

‘अकरा वर्षांपूर्वी मी या गाडीला नक्कल म्हणालो,’ बाबा म्हणाले. ‘ती नक्कल नाही. मी एक नंबर दोनदा घातला. फाटकावरची वही बरोबर, माझी चूक. मास्तर खरं बोलत होते. त्यांना मी खोटं पाडलं, आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलात.’

मग डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. ‘म्हणजे ही... अहो, ही दोनशे तेरावी!’ आणि काय विचारता! सगळे त्या गाडीभोवती. कुणी फोटो काढतंय, कुणी रबर उचलून टाके बघतंय, कुणी म्हणतंय, तळाचा पत्रा नवा ठोकून घेऊ, वाचवता येईल. अकरा वर्षांपूर्वी दोन पंप दिले असते तर ती आज ओळीत उभी असती, हे एकाच्याही डोक्यात येईना. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजींचा आवाज आला.

‘काय म्हणतायत गं ते?’ त्या सिस्टरला विचारत होत्या. ‘मला काही ऐकू आलं नाही.’

सिस्टरने बाबांकडे बघितलं. बाबा आजींपाशी गेले आणि वाकले. ‘गाडी खरी होती.’

‘काय?’

‘गाडी खरी होती, वहिनी!’

‘मोठ्याने बोला.’

बाबांनी पूर्ण ताकद लावली. बहात्तर वर्षांच्या माणसाचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला गेला. ‘मास्तरांची गाडी खरी होती! त्यांना कुणी फसवलं नव्हतं! चूक माझी होती!’

गाडीभोवतीची माणसं फोटो काढायची थांबली.

आजींना या वेळी ऐकू आलं. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे हे खरं बोलत होते?’

‘हो.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून.’

‘मग मी त्यांना इतकं बोलले, रोज बोलले, ते?’

बाबा आजींच्या खुर्चीशेजारी खाली गवतातच बसले. सिस्टरने मान फिरवली. मला सगळ्या गोष्टींची उत्तरं हवी असतात, पण त्या वेळी मी वाकून आजींच्या पायांवरची घसरलेली शाल वर ओढली.